तीन महिने उजवा हात

माझी लय पडते, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी काठीने कळवण्यात आलं.

शनिवारची दुपार होती. मंडळाचा भजनाचा कार्यक्रम आठवड्यावर आलेला, म्हणून मी हॉलमध्ये सतरंजी टाकून पेटी घेऊन बसले होते. तिसऱ्या ओळीपाशी आले आणि खालून ठकठक सुरू झाली. मी थांबले, ती थांबली. मी पुन्हा सुरू केलं, तिसरी ओळ आली, पुन्हा ठकठक. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूपासून दोन गल्ल्या आत आमची जुनी विटांची इमारत आहे. जमीन लाकडी, त्यामुळे वरच्याने शिंकलं तरी खालच्याला कळतं. पण सतरा वर्षांत माझ्या पेटीबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. खालच्या घरात महिन्यापूर्वीच कोणी तरी नवीन राहायला आलं होतं. म्हटलं, आली का कटकट! भांडणाची दोन-तीन इंग्रजी वाक्यं मनात घोळवत मी तरातरा जिना उतरले. मी मूळची नागपूरची. आम्ही भांडायला निघालो की चपला शोधत बसत नाही.

दार उघडलं ते एका उंच, ताठ ब्लॅक आजींनी. पंच्याऐंशीच्या तरी असतील. डाव्या हातात काठी, उजवा हात पोटाशी दुमडलेला, बोटं आत वळलेली.

"पेटीचा त्रास होत असेल तर तसं सांगा, पण हे ठोकणं..." मी सुरुवात केली.

"त्रास वाद्याचा नाही, बेबी," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या ओळीला तू मागे पडतेस. दर वेळी. मला इथे खुर्चीत बसून, जमिनीवर काठी आपटत तुला ढकलावं लागतं."

एकसष्ट वर्षांच्या बाईला बेबी! आणि वर लय पडते म्हणे! मंडळात चाळीस वर्षांचा अनुभव म्हणून मला मान होता. लोक गाताना चुकायचे आणि मी सांभाळून घ्यायचे. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मनात म्हणत मी वर आले, फोनवर स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड केलं, आणि ऐकलं. तिसऱ्या ओळीला मी मागे पडत होते. दर वेळी.

दुसऱ्या दिवशी डबाभर चकल्या घेऊन मी खाली गेले. एवढं तर करावंच लागतं.

त्यांच्या हॉलमध्ये अर्धी जागा पियानोने खाल्लेली होती आणि भिंतीवर एकही फोटो नव्हता. हळूहळू कळत गेलं की या बाई गॉस्पेलवाल्या. म्हणजे इथल्या ब्लॅक चर्चमधलं जे भक्तिसंगीत, टाळ्या वाजवत, उभं राहून, डोलत गायचं, ते. साठ-पासष्ट वर्षं चर्चमध्ये पियानोवर बसल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी स्ट्रोक झाला, उजवा हात गेला, आणि तेव्हापासून त्यांनी पियानोचं झाकण उघडलं नव्हतं. लेक याच भागात राहते म्हणून शहराच्या दक्षिण टोकाकडून इकडे आल्या होत्या. मी त्यांना मावशी म्हणायला लागले. मावशी म्हणजे आईची बहीण, हे समजल्यावर त्या म्हणाल्या, "ठीक आहे, पण मग आईसारखं ऐकत जा माझं."

त्यांची गोष्ट मला एका बैठकीत कधी मिळाली नाही. चकलीबरोबर थोडी, चहाबरोबर थोडी, अशी मिळत गेली. त्या एकोणीस वर्षांच्या असताना चर्चमध्ये पुस्तकातली गाणी गायची, तीही संथ, हात मांडीवर ठेवून. रस्त्यापलीकडे एक नाचाची जागा होती. तिथल्या पियानोवाल्याचा डावा हात नुसता एका जागी बसायचा नाही, चालायचा. मावशी आठवडाभर घराच्या पायरीवर बसून तो डावा हात ऐकायच्या. एका रविवारी त्यांनी स्वतः रचलेली एक भक्तीची चाल चर्चमध्ये वाजवली, आणि खाली तो चालता डावा हात घातला. तरुण मंडळी उठून उभी राहिली. वडीलधाऱ्यांनी मात्र सैतानाला देवळात आणलं म्हणून त्यांना पियानोवरून उठवलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! दुसऱ्या गल्लीत एका बंद पडलेल्या दुकानात छोटं चर्च होतं. तिथे पियानो होता, वाजवणारं कोणी नव्हतं. मी गेले. वर्षभरात ती उभी राहिलेली सगळी पोरं माझ्या मागोमाग तिथे आली."

पुढे गायकांचा ताफा घेऊन त्या गावोगाव फिरल्या. हॉटेलवाले ब्लॅक लोकांना खोली द्यायचे नाहीत, तर सगळे बसमध्येच झोपायचे. घरून बांधून आणलेलं खायचं आणि सकाळी कुणाच्या तरी अंगणातल्या नळावर तोंड धुऊन गायला उभं राहायचं. रेकॉर्डही निघाल्या. त्यांच्यावर गायकवृंदाचं नाव, पाद्रीबुवांचं नाव. मावशींचं कुठेच नाही. हे त्या इतक्या सहज सांगायच्या की मलाच संताप यायचा. "अहो, भांडायचं ना!" मी म्हणायचे. त्या चकलीचा तुकडा तोंडात टाकून म्हणायच्या, "रविवार आला की वाजवायचं असायचं, बेबी. भांडायला वार कुठला उरला होता?"

आज या शहरातल्या कुठल्याही गॉस्पेल चर्चमध्ये जा, पियानोवाल्याचा डावा हात तसाच चालतो. कुणाकडून आला हे त्यातल्या निम्म्यांना ठाऊक नाही.

मग एका संध्याकाळी मी खाली गेले तर मावशी रागाने लाल. त्या दुकानातल्या छोट्या चर्चचं आता मोठं चर्च झालं होतं, आणि तीन महिन्यांनी तिथे मावशींचा सत्कार ठरला होता. त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची मिळणार, त्यांच्यावर व्हिडिओ दाखवणार, एक पाटी देणार. आणि त्याच दिवशी पियानोची जागा रीतसर आताच्या संगीतप्रमुखाकडे जाणार.

"खुर्चीत बसवून मला माझंच कौतुक ऐकवणार," त्या म्हणाल्या. "ते मेल्यावर करतातच की. मला वाजवायचंय."

मला हे अगदी आतून समजलं. आपल्याकडे तरी दुसरं काय करतात? शाल, श्रीफळ, चार भाषणं, आणि माणूस कायमचा स्टेजवरून खाली. मावशींनी पाद्रींना फोन करून सांगितलं की मला माझी पहिली चाल वाजवायची आहे, जिच्यामुळे मला उठवलं होतं ती. ते म्हणाले, वाजवता आली तर जरूर वाजवा, जागाही तुमचीच राहील. भला माणूस. पण वाजवणार कशी? हात एकच, आणि तोही डावा.

इथे मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. म्हणजे खरोखरच हात वर करून म्हटलं, "माझ्याकडे उजवा आहे."

हिशेब सोपा होता. पेटीवाल्याचा सगळा जीव उजव्या हातात. डावा जन्मभर भाता मारतो, हवा भरतो, स्वरांशी त्याचं काही देणंघेणं नाही. मावशींकडे जगातला एक नंबरचा डावा होता. दोघी एका बाकावर बसलो की एक अख्खी पियानोवाली तयार! माझ्या नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आणि पेडल कोण मारणार?" त्याला मी चहा दिला नाही.

पहिल्याच दिवशी माझा डावा हात नडला. उजवा पियानोवर गेला की डावा आपोआप हवेत भाता मारायला लागायचा. पुढे-मागे, पुढे-मागे. मावशींना वाटलं मला झटका आला. कारण समजल्यावर त्या इतक्या हसल्या की काठी पडली. मग हुकूम सुटला, "त्या हातावर बस." तेव्हापासून रोज पाच ते सहा मी स्वतःच्या डाव्या हातावर बसून पियानो वाजवला. सहा वाजता हाताला इतक्या मुंग्या यायच्या की पोळी लाटता यायची नाही.

दुसरी अडचण मोठी होती. आपल्याकडे पेटीची साथ म्हणजे गाणाऱ्याच्या अर्ध्या श्वासाने मागून जाणं. पुढे गेलात तर उद्धटपणा. मला ते नागपुरात गुरुजींनी छडी मारून शिकवलेलं. त्यामुळे मावशींचा डावा हात निघाला की माझा उजवा अदबीने मागून.

"तू माझ्या मागे का चालतेस?" मावशी ओरडायच्या. "मी काय तुला रस्ता ओलांडून देतेय?"

"ही आमची पद्धत आहे."

"चांगली पद्धत आहे. तुझ्या घरी वापर. इथे माझ्या बरोबरीने चाल."

यावरून एकदा जोरदार वाजलं आमचं. मी म्हटलं, मला काही चाकरीला ठेवलेलं नाही, आणि ताडताड वर निघून आले. चार दिवस खाली गेले नाही. रोज पाच वाजता खालून काठी वाजायची. ठोकणं कसलं, चांगला ठेकाच धरायच्या, आणि तोही त्या गाण्याचाच. चार दिवस मी दात-ओठ खात भाजी चिरली. पाचव्या दिवशी लक्षात आलं की मी भेंडीही त्याच ठेक्यात चिरते आहे. गेले मुकाट्याने खाली. दोघींपैकी कुणीही सॉरी म्हटलं नाही आणि त्या दिवशी पहिल्यांदा आमचे दोन्ही हात बरोबरीने चालले.

राहता राहिलं ते शेवटचं चढणं. गॉस्पेलमध्ये गाणं रंगात आलं की पियानोवाला अचानक सगळं अर्धा स्वर वर नेतो. का, तर लोकांना खाली बसू द्यायचं नसतं. माझी पेटी स्केल चेंजर. आम्हाला पट्टी बदलायची तर खिट्टी काढून अख्खा कीबोर्ड सरकवतो आणि बोटं होती तिथेच ठेवतो. चाळीस वर्षं मी एकाच जागी बोटं ठेवून सगळ्या महाराष्ट्राला साथ केली. आता पियानो काही सरकेना, सरकायचं मलाच. एक चढण मी महिनाभर घासून बसवली. मावशी म्हणाल्या, एकच ठेवू. मी देव पाण्यात घालून बसले की एकच राहू दे.

सत्काराच्या रविवारी मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जरा जास्तच जाहिरात केली. अकरा जण आले, पैठण्या नेसून, कुर्ते घालून, आणि नेहमीप्रमाणे चाळीस मिनिटं उशिरा. तिथे तर अजून वातावरण तापतच होतं, म्हणून कुणाला काही कळलं नाही. अध्यक्ष काकू शाल आणि नारळ घेऊन आल्या होत्या. दुसऱ्या रांगेत आमची सगळी बसली आणि उत्साहाने टाळ्या वाजवायला लागली, आपल्या सवयीप्रमाणे समेवर. अख्खं चर्च चार मात्रांतल्या दोन आणि चारवर वाजवतंय, आणि मध्येच आमची अकरा माणसं एक आणि तीनवर! भली मोठी जांभळी टोपी घातलेल्या एका बाईंनी मागे वळून पाहिलं, अध्यक्ष काकूंचे दोन्ही हात प्रेमाने धरले, आणि योग्य वेळी एकमेकांवर आपटून दाखवले. काकू पुढे दोन तास शिस्तीत वाजवत होत्या.

व्हिडिओ झाला. पाटी झाली. संगीतप्रमुख चाळिशीचा गंभीर माणूस होता. माइकवर म्हणाला, "माझ्या शिक्षकांनी मला हा डावा हात शिकवला. त्यांना त्यांच्या शिक्षकांनी. तो कुठून आला, हे मला इथे नोकरीला लागल्यावर कळलं." आणि तो स्वतः बाकावरून उठला. मावशी माझ्या दंडाला धरून चालत आल्या. त्या डावीकडे बसल्या, मी उजवीकडे, माझ्या हातावर.

सुरुवात झकास झाली. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आमचे हात बरोबरीने चालले होते, लोक उभे राहायला लागले होते, आणि अध्यक्ष काकू फोन वर धरून शूट करत होत्या. चढण आली. मी चढले! महिनाभर घासलेली ती चढण मी लीलया चढले, आणि आता संपवायचं म्हणून शेवटच्या ओळीकडे वळले.

मावशी वळल्याच नाहीत. त्या आणखी अर्धा स्वर वर गेल्या.

पायाखालची जमीन सरकली माझ्या. चर्च उभं होतं, ओरडत होतं, आणि माझं बोट पडेल तिथे चुकीचा स्वर. दोन चुकले, तीन चुकले. मी मावशींकडे पाहिलं. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं, त्या लोकांकडे बघत होत्या. मग त्यांच्या कोपराचा एक ढुसका माझ्या बरगडीत बसला.

"सरक," त्या म्हणाल्या.

सरकले. बाकाच्या टोकाशी गेले, आणि तरी जागा पुरेना म्हणून उठून उभी राहिले. माझ्या मंडळासमोर, फोनच्या कॅमेऱ्यासमोर. आणि मावशींचा डावा हात खालून निघून वर गेला, माझी चाल त्याने उचलली, दोन स्वर ठेवले, झपकन खाली येऊन ठेका दिला, पुन्हा वर. मध्ये जागा रिकाम्या राहत होत्या. चांगल्या मोठ्या रिकाम्या जागा. आणि त्या जागांमध्ये लोक गात होते. मावशी जिथे सोडायच्या तिथे लोक धरायचे. त्या आणखी एकदा वर गेल्या. संगीतप्रमुख भिंतीला टेकून ढसाढसा रडत होता. मीही रडत होते, पण माझ्या रडण्यात निम्मा राग होता. तीन महिने! तीन महिने मुंग्या आणल्या हाताला!

संपल्यावर पाद्री माइकवर आले आणि पियानोची जागा कुणाची, हे सांगायची त्यांना गरजच पडली नाही. खालून लोकच मावशींचं नाव घेत होते. अध्यक्ष काकूंनी घाईघाईत मावशींना शाल पांघरली आणि नारळ एकाच हातात दिला.

परतताना नवरा ड्राइव्ह करत होता. मी आणि मावशी मागे बसलो होतो. मला राहवेना.

"तुम्हाला एकटीला येत होतं! मग मला कशाला राबवलंत एवढं? सगळ्यांसमोर उठवलंत मला!"

मावशींनी मांडीवरच्या नारळावर हात ठेवला होता.

"मला तरी कुठे माहीत होतं, बेबी?" त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मी या हाताकडे बघून रडले, उरलेला म्हणून. मग तू आलीस. तू बाजूला होतीस, म्हणून मी त्याला कधी विचारलंच नाही, एकट्याने जमेल का. आज तू चुकलीस आणि सगळं चर्च उभं होतं. थांबायला वेळ कुठे होता?"

पुढच्या सिग्नलला गाडी थांबली. त्यांनी माझा उजवा हात आपल्या हातात घेतला.

"तू चुकली नसतीस तर मी मरेपर्यंत अर्धीच वाजवत राहिले असते," त्या म्हणाल्या.

आता दर रविवारी मावशी एकट्याच वाजवतात. मी त्यांना सोडायला जाते आणि दुसऱ्या रांगेत बसते. लोक उभे राहिले की मीही उभी राहते, आणि खरं सांगते, मला त्या बाकाकडे बघून अजूनही हेवा वाटतो.